धावपट्टीच्या आधीचे टप्पे

(पहूर येथे वसतिगृहातील विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



'वैमानिक कसं व्हायचं' या विषयावर बोलायला मला बोलावलं, याबद्दल आभार. मी स्वतः वैमानिक नाही. हवाई दलात वीस वर्षं विमानांच्या इंजिनांची देखभाल केली आणि निवृत्तीनंतर शिकाऊ वैमानिकांना वर्गातले विषय शिकवतो. त्यामुळे विमान चालवण्याचा अनुभव सांगायचा अधिकार माझा नाही. पण साधं बारावी झालेलं पोर वैमानिक होताना कोणकोणत्या पायऱ्या चढतं, कुठे अडखळतं, हे मी जवळून पाहतो. तेवढंच आज सांगणार आहे.

आपण पहूरहून नेरीमार्गे जळगावला जातो, तेव्हा शहराच्या थोडं आधी कुसुंब्याला विमानतळ लागतो. 23 मार्च 2012 ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा दिली, त्या पाचांत आपलं जळगाव होतं. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरजवळ तांड्यालाही धावपट्टी आहे, तिथेही मुलं उडायला शिकतात. म्हणजे देशभरातली मुलं उडायला शिकण्यासाठी आपल्या खान्देशात येतात. आपली मुलं एसटीच्या खिडकीतून ती विमानं बघतात. हे अंतर कसं कमी करायचं, हा आजचा विषय आहे.

आता वर्डीची गोष्ट काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण इथे बसलेल्या आयाबायांच्या मनात ती आहेच. 16 जुलै 2021 ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या रानात एक प्रशिक्षण विमान कोसळलं. शिकवणारे वैमानिक जागीच गेले. शिकाऊ मुलगी जबर जखमी झाली. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आसपासचे आदिवासी बांधव धावले. आपल्या भिल्ल समाजातल्या एका माउलीने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून मुलीला रस्त्यापर्यंत आणलं. तेव्हा वर्तमानपत्रांनी ते छापलं, सगळ्या महाराष्ट्राने वाचलं.

ही बातमी वाचून कोणी म्हणेल, असल्या धोक्यात पोरं घालायची कशाला? प्रश्न रास्त आहे. मी एवढंच सांगतो, की एका अनोळखी उडणाऱ्या मुलीसाठी जी माणसं रान तुडवत धावली, त्यांच्या घरातली मुलगी उद्या त्या खुर्चीत बसायला हवी. आणि धोक्याचं म्हणाल, तर वैमानिकाचं सगळं शिक्षण धोका कमी करण्यासाठीच आखलेलं आहे. ते टप्प्याटप्प्याने असतं. एक टप्पा नीट झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला कोणी हात लावू देत नाही.

पहिला टप्पा तब्येतीचा. मान्यताप्राप्त डॉक्टरकडून आधी दुसऱ्या वर्गाचं आणि व्यावसायिक परवान्यासाठी पहिल्या वर्गाचं वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चष्मा असला म्हणजे संपलं, असं आपल्याकडे समजतात. तसं नाही. चष्म्याने नजर ठरलेल्या मापात येत असेल तर चालतं. रंग ओळखता येणं मात्र फार महत्त्वाचं. रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा वाचायची चाचणी असते, ती दहावीतच करून घ्यावी. पुढे पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दुसरा टप्पा पुस्तकांचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, त्याच्या परीक्षा असतात. हवाई दिशाज्ञान, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती. प्रत्येक विषयात शंभरपैकी सत्तर गुण हवेत. पस्तीसवर पास होण्याची सवय इथे उपयोगाची नाही.

पण हे विषय परके नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची ताकदही घटते. मग तेच विमान उचलायला जास्त धावपट्टी लागते. म्हणून उन्हाळ्यात शिकाऊ विमानं सकाळी लवकर उडवतात. दुपारी नांगरलेल्या शेतावरून वावटळ उठताना तुम्ही पाहिली आहे. त्याच तापलेल्या हवेमुळे छोटं विमान हेलकावे खातं. ज्याने पाऊस येण्याआधी वाऱ्याची दिशा बदललेली अंगावर अनुभवली आहे, त्याला हवामानाचा धडा कठीण जाऊ नये.

विमानात बसण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारायची असते, रोज, दर वेळी. टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढून बघतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली बसतं आणि डोळ्यांना दिसतं. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना ठिणगी देणाऱ्या यंत्रणाही दोन, एक बंद पडली तर दुसरी. उडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या तपासतात. आणि आकाशात इंजिन बंद पडलंच, तरी विमान दगडासारखं खाली येत नाही, ते तरंगत उतरतं. चार माणसांचं साधं सेस्ना विमान एक किलोमीटर उंचीवर असेल, तर वारा नसताना साधारण नऊ किलोमीटर पुढे जाऊ शकतं. तेवढ्यात उतरायला जागा कशी निवडायची, याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतात.

तिसरा टप्पा सगळ्यांच्या आवडीचा, पहिली एकटी उड्डाणफेरी. आधी बरेच तास शिक्षक शेजारी असतो. उडायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर जायचं, पुन्हा दोनदा वळून उतरायचं. हेच पन्नास-शंभर वेळा. कोणाला पंधरा तासांत जमतं, कोणाला तीस लागतात. उशीर लागलेला कच्चा असतो, असं काही नाही. मग एके सकाळी दोन-तीन चांगली उतरणं झाली की शिक्षक म्हणतो, थांबव, मी उतरतो, आता तू एक फेरी मारून ये. शेजारची खुर्ची रिकामी होते. एका माणसाचं वजन कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं जातं, आणि तिथेच पोरांच्या काळजात धस्स होतं. फेरी असते पाच-सात मिनिटांची. उतरल्यावर दोस्तमंडळी बादलीभर पाणी डोक्यावर ओततात. खूप क्लबांत ही रीत आहे.

त्या सकाळी शिक्षकाकडे बघण्यासारखं असतं. विद्यार्थी वर असतो आणि हा खाली धावपट्टीच्या कडेला उभा, नजर आभाळात, कोणाशी बोलत नाही. उड्डाणाच्या वहीत सही त्याची असते. त्याने सही केली म्हणजे 'हा एकटा जाऊ शकतो' ही जबाबदारी घेतली. वैमानिकाचा प्रत्येक टप्पा असा कोणाच्या तरी सहीवर उभा असतो.

त्यानंतर लांबचा पल्ला. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं. त्यातलं एक उड्डाण किमान 300 नॉटिकल मैलांचं, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरचं, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचं उड्डाण, केवळ यंत्रांकडे बघून केलेलं उड्डाण, हेही असतं. असे एकूण 200 तास भरले, त्यांतले 100 तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून, वय अठरा पूर्ण आणि परीक्षा पास, की व्यावसायिक परवाना मिळतो.

रेडिओवर बोलायची परीक्षाही असते आणि ती इंग्रजीत. आश्रमशाळेतल्या मुलांना इथे धडकी भरते. पण हे इंग्रजी गप्पांचं नाही. ठरावीक शब्द, ठरावीक क्रम. टॉवरने जे सांगितलं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे दोघांनी एकच ऐकलं याची खात्री. माझ्या वर्गात सफाईदार इंग्रजी बोलणारी मुलं घाईत चुकतात आणि मराठी शाळेतली मुलं जपून बोलतात म्हणून बरोबर येतात, असं मी कितीदा पाहिलंय.

आता पैशाचं. ते लपवून ठेवलं तर मी तुमची फसवणूक केली असं होईल. या शिक्षणाला आज चाळीस-पन्नास लाख आणि त्याहूनही जास्त लागतात. परवान्यानंतर मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, त्याचा वेगळा खर्च. आणि परवाना हातात आला म्हणजे नोकरी हातात आली असं नाही. म्हणून पालकहो, हात जोडून सांगतो, यासाठी जमीन विकू नका, गहाण ठेवू नका.

मग वाट काय? वाटा आहेत. केंद्राच्या अनुसूचित जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात धरलेला आहे. तिचे सध्याचे नियम आणि रक्कम यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन समक्ष विचारा. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही सरकारी संस्था आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून होतो आणि आरक्षण आहे. जात वैधता प्रमाणपत्र मात्र आत्ताच काढायला घ्या. ऐन वेळी त्या एका कागदासाठी जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरी वाट बिनखर्चाची, पण कसोटीची. बारावीनंतर एनडीएतून हवाई दल. तिथे आरक्षण नाही, सगळ्यांना एकच माप, पण प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. 2022 पासून मुलीही तिथे दाखल होतात. तिच्या तयारीसाठी दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला मुलांची आणि नाशिकला मुलींची शासकीय सैनिकी पूर्वशिक्षण संस्था आहे. संभाजीनगर इथून अजिंठ्याच्या रस्त्यानेच जातं.

या दोन्ही वाटांना फाटा एकाच ठिकाणी फुटतो, अकरावीच्या प्रवेश अर्जावर. व्यावसायिक परवान्याला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. आपल्या पाड्यांवरची हुशार मुलं तिथेच वळतात. गणित जड म्हणून, शास्त्र शाखेचं कॉलेज लांब म्हणून, मैत्रीण कला शाखेला गेली म्हणून. धावपट्टी दिसायच्या दोन-तीन वर्षं आधीच उड्डाण रद्द होतं आणि कोणाला कळतही नाही. ज्यांची बारावी या विषयांशिवाय झाली, त्यांनाही राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देता येतात. दार बंद नाही.

ओडिशातल्या मलकानगिरीची अनुप्रिया लाक्रा, आदिवासी कुटुंबातली, पोलीस हवालदाराची मुलगी. 2012 मध्ये इंजिनिअरिंग सोडून भुवनेश्वरला वैमानिक प्रशिक्षणाला लागली आणि 2019 मध्ये विमान कंपनीत सहवैमानिक झाली. सात वर्षं लागली. ती सात वर्षं लक्षात ठेवा. पोरींनो, 1936 साली लाहोरात सरला ठकराल साडी नेसून विमान उडवत होत्या, घरात लहान लेक होती. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्यात सुखोईत बसल्या. वय, वेश, गाव यांवाचून काही अडत नाही. गणितावाचून अडतं.

हितचिंतकांना एक विनंती. कोणाला तरी वैमानिक करण्यासाठी एकदम मोठी देणगी द्या, असं मी म्हणत नाही. या वसतिगृहात आठवी ते बारावीच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस मिळवून द्या. वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी करा. वैधता प्रमाणपत्राच्या कागदांसाठी पालकांबरोबर कोणीतरी कार्यालयात जा. एवढं केलंत तर यातला एखादा वैमानिक होईल, दहा जण इंजिनिअर, तंत्रज्ञ, शिक्षक होतील. कष्ट वाया जाणार नाहीत.

आणि मुलांनो, उद्या सकाळी पहिलं काम. ज्याला ज्याला उडायचंय, त्याने गणिताच्या सरांना भेटून आपला सगळ्यात कच्चा धडा कोणता ते विचारा आणि त्या धड्यापासून सुरुवात करा. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा तोच धडा तुम्हाला विचारणार आहे.