धंदा रस्त्यावर, धूर छातीत

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत प्रभाग समन्वयकांनी केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आपली दशसूत्री तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे ही पाच सूत्रं आपण दर बैठकीत तपासतो. आरोग्याचं सूत्र आलं की मात्र रक्त वाढवायच्या गोळ्या आणि बाळांची लस इथेच थांबतो. आज मला तुमच्या श्वासाबद्दल बोलायचंय.

आपल्या प्रभागातून पुणे-सोलापूर हायवे जातो. त्याच्या कडेला आपल्या किती ताई बसतात ते आठवा. कुणाचा पेरूचा गाडा, कुणाची रसवंती, कुणी कणसं भाजतं, कुणाचा चहा-वडापाव. काहीजणी रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जातात, काहीजणी झाडलोट करतात. बरेचसे गाडे तर समूहाच्या कर्जातूनच उभे राहिलेत. म्हणून धंदा बंद करा, असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यावर घर चालतं आणि हप्ताही जातो. पण दिवसाचे दहा-दहा तास आपण तिथे काय ओढून घेतो, हे तरी माहीत हवं.

रस्त्यावर धूळ दोन तऱ्हेची असते. एक डोळ्यांना दिसणारी. गाडी गेली की उडते, पेरूवर बसते, नाकात काळी होऊन निघते. ती बरीचशी नाकात-घशात अडते. दुसरी दिसतच नाही. डिझेलच्या धुरातले, जाळलेल्या पाचटातले, भट्टीतले हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस त्यांच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. हे कण फुफ्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून त्रास फक्त खोकल्याचा राहत नाही, हृदयावरही ताण येतो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय.

आपल्याकडे हे सगळ्यात वाईट कधी असतं? उसाच्या हंगामात. ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, शेतात पेटवलेलं पाचट आणि वर थंडी. थंडीत जमिनीलगतची हवा गार असते, ती वर सरकत नाही. त्यामुळे सकाळी धूर रजईसारखा अंगावरच बसतो. त्यात आपण ऊब म्हणून टायर आणि प्लास्टिक पेटवून शेकत बसतो. हे तर बंदच करा. आणि ज्या ताई पहाटे चुलीपुढे बसून मग रस्त्यावर येतात, त्यांच्या छातीवर दुहेरी भार आहे.

आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे हे बारीक कण २४ तासांत एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. २०१९ साली सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात सोलापूर, सांगली, कोल्हापूर ही शहरं आहेत. पण तो कार्यक्रम शहरांचा आहे. तुमच्या गाड्यापाशी हवा मोजायला कुणी येणार नाही. तिथे आपल्यालाच आपल्या शरीराकडे बघावं लागेल.

बघायचं काय? दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला. सकाळी उठल्यावर रोज कफ. पूर्वी एका दमात हंडा घेऊन यायची, आता मध्ये थांबावं लागतं. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज. रात्री उठून बसावं लागणं. यातलं काहीही असेल तर “वय झालं”, “वजन वाढलं” म्हणून सोडून देऊ नका. कफात रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खोकला दोन आठवड्यांवर गेला की बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. तीस वर्षांवरच्या ताईंचा सीबॅक फॉर्म आशाताई भरतात. त्यात चुलीचा आणि कामावरच्या धुरा-धुळीचाही प्रश्न असतो. तिथे “मी घरीच असते” असं सांगू नका, हायवेवर बसते असं स्पष्ट सांगा. डॉक्टरांनी फुंकून करायच्या तपासणीला पाठवलं तर जा. दमा असेल तर तो चांगला आटोक्यात राहतो. सीओपीडी असेल तर गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही, पण वेळेत कळलं तर पुढची झीज कमी करता येते. आणि पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. पंपातलं औषध थेट छातीत जातं, म्हणून ते थोडंच लागतं.

गूळ खाल्ला की धूळ निघून जाते, असंही सगळ्याजणी म्हणतात. गुळाने घशाला बरं वाटतं. फुफ्फुसात बसलेली धूळ तो काढत नाही.

आता गाड्यावर काय करता येईल ते सांगते.

१. गतिरोधक, टोलनाका, चढ इथे ट्रक जोर लावतात आणि धूर जास्त सोडतात. गिऱ्हाईकही तिथेच थांबतं, हे मला कळतं. तरी गाडा दहा पावलं मागे घेऊन पाटी पुढे लावता येते का बघा. अपघाताची भीतीही कमी होते.

२. वारा रस्त्याकडून आपल्याकडे येत असेल तर शक्य तिथे दुसऱ्या बाजूला बसा.

३. कोरडं झाडू नका. आधी पाणी शिंपडा. फळं ओल्या फडक्याने पुसा.

४. थांबलेल्या गाडीवाल्याला “दादा, इंजिन बंद करा” म्हणायला लाजू नका.

५. पदर किंवा रुमाल जाड धूळ अडवतो, बारीक कण नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दिवसभर उन्हात तो घालणं अवघड आहे. झाडताना, खडीच्या कामावर आणि हंगामातल्या सकाळी तरी घाला. तो धुवायचा नसतो. आधीच दम लागत असेल तर डॉक्टरांना विचारून वापरा.

रस्त्याच्या कामावर वर्षात ९० दिवस भरत असतील, वय १८ ते ६० असेल, तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्या.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या ताई खोकला लपवतात. खोकणारीच्या गाड्यावर गिऱ्हाईक थांबत नाही. “टीबी असेल” अशी कुजबुज होते. आणि दोन दिवस दवाखान्यात गेले तर हप्ता चुकतो. मग ती पदर तोंडावर धरून बसते आणि आजार वाढत जातो. ताईंनो, हप्ता वेळेवर यावा म्हणून जर आपली एक बाई श्वास दाबून बसत असेल, तर तो हप्ता आपल्याला महाग पडतोय.

म्हणून माझी प्रत्येक ग्रामसंघाला विनंती आहे. पुढच्या बैठकीत तीन ठराव घ्या. पहिला, रस्त्यावर काम करणाऱ्या सदस्यांची यादी करून आशाताईंसोबत तपासणीचा एक दिवस ठरवायचा. दुसरा, आजारपणात हप्ता पुढे ढकलायचा असेल तर ती सवलत बैठकीत मागता येईल. त्यासाठी कुणी तिला टोमणा मारणार नाही. गरज पडली तर जोखीम प्रवणता निधीतून मदत. तिसरा, शेजारी बसणाऱ्या दोघींनी पाळी लावून एकमेकींचा गाडा सांभाळायचा, म्हणजे दवाखान्याचा दिवस बुडीत जाणार नाही.

हे ठराव फक्त वहीत राहू नयेत. सचिवताईंनी किती जणींची तपासणी झाली हा आकडा पुढच्या सभेत बचतीच्या आकड्याशेजारीच वाचून दाखवावा.