समाचाराचा धर्म

ज्या घरी मृत्यू घडला त्या घरी समाचारास जावे, हा आपल्या समाजातील फार जुना धर्म आहे. त्यास निमंत्रण लागत नाही. शोकाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून शेजारून भाकरी जाते. आप्तेष्ट दहाव्यास व तेराव्यास जमतात, आणि वर्ष भरले म्हणजे वर्षश्राद्ध होते. मुसलमान कुटुंबांत चाळिसाव्या दिवशी फातेहा पढतात. ख्रिस्ती कुटुंबांत मृताच्या नावाने मिस्सा अर्पण करतात. ह्या सर्व रूढींच्या मुळाशी एकच शहाणपण आहे. दुःख एकट्याने वाहावयाचे नसते, आणि त्यास काळाचे टप्पे पाडून दिले म्हणजे ते वाहणे थोडे सुसह्य होते.

परंतु ह्या रूढी ज्या मृत्यूंसाठी घडल्या ते मृत्यू घरचे होते. वार्धक्य, दुखणे, फार तर अपघात, अशी त्यांची कारणे सर्वांस समजणारी होती. दहशतवाद्याच्या हल्ल्यात माणूस जातो तेव्हा तसे नसते. मारणाऱ्यास मरणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. पहिल्या आठवड्यात त्या घरापुढे मोटारींची रांग लागते, मंत्री येतात, छायाचित्रे निघतात. आणि पंधरवडा उलटला म्हणजे दार ओस पडते. पुढे दरवर्षी ती तारीख उगवते. त्या दिवशी सर्व देश त्या घटनेविषयी बोलतो आणि बहुधा मारेकऱ्याचेच चित्र पुन्हा छापले जाते. ज्या विधवेच्या कपाळी ती तारीख कायमची लिहिली गेली, तिला त्या दिवशी कोणी समाचारास येईल, असा नेम नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी गावाने, पेठेने किंवा वसाहतीने एकत्र येऊन स्मरणदिन पाळावा, ही कल्पना निघाली आहे. तिचा विचार सोलापूर जिल्ह्यातील कुंभारीसारख्या गावीही व्हावयास पाहिजे.

कुंभारीचा ह्या गोष्टीशी संबंध काय, असे कोणी विचारील. सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले म्हणजे हे गाव लागते. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी उभारलेली, गोदूताई परुळेकर ह्यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत येथेच आहे. असंघटित कामगारांसाठी योजलेल्या तीस हजार घरांच्या रे नगरातील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या स्वाधीन झाली, तीही येथेच. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू ह्या चारही भाषा ह्या भागात कानी पडतात. अशा वस्तीतील माणसे कामासाठी, औषधोपचारासाठी, नातलगांच्या भेटीसाठी मुंबईस जातात, आणि परतताना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसावर गाडीची वाट पाहत बसतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्या स्थानकात ५० हून अधिक माणसे मारली गेली, ती अशीच लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत वळकट्यांवर बसलेली होती. सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस त्याच स्थानकातून रात्री सुटते. तेव्हा हा विषय परक्याचा आहे, असे कुंभारीस म्हणता यावयाचे नाही.

महाराष्ट्राच्या वाट्यास असे दिवस फार आले आहेत. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत ओळीने झालेल्या स्फोटांत २५७ माणसे गेली. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी घरी परतणाऱ्यांच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले व सुमारे १९० प्रवासी दगावले. २९ सप्टेंबर २००८ रोजी रमजानच्या महिन्यात मालेगावी सहा जण गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच मुंबईवरील हल्ल्यात १६६ बळी पडले. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील जर्मन बेकरीत १७ जण मृत्यू पावले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे मारल्या गेलेल्या २६ जणांत सहा महाराष्ट्रीय होते, आणि पर्यटकांस वाचवू पाहणारा तेथील एक मुसलमान घोडेवालाही त्यांतच होता. ह्या यादीत सर्व धर्मांची, सर्व थरांची माणसे आहेत. त्यांचे स्मरण करताना निवड करण्याचा अधिकार कोणासच नाही.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो. स्मरण कोणाचे होते? २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचे नाव निघताच ताजमहाल हॉटेलाचा धुराने वेढलेला घुमट सर्वांच्या डोळ्यांपुढे येतो. स्थानकातील फलाट क्वचितच येतो. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे ह्यांची नावे लोकांच्या तोंडी आहेत, व ते योग्यच आहे. कामटे हे तर सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. हाती केवळ काठी असता त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ मारेकऱ्याची बंदूक धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. ह्या चौघांस मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. परंतु फलाटावर बसल्या जागी मेलेल्या माणसाने कोणता पराक्रम केला, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. तो कोणाचा तरी बाप होता, एवढेच सांगता येते. आणि स्मरणदिनी एवढे सांगणे पुरेसे मानले पाहिजे. वीराचा सत्कार हा एक विधी आहे आणि शोकाकुलांचा समाचार हा दुसरा. दोहोंची गल्लत झाली की ज्यांच्या घरचा माणूस वीर ठरला नाही ते मागच्या रांगेत जाऊन बसतात, आणि पुढच्या वर्षी येत नाहीत.

दुसरा प्रश्न सत्याचा आहे. आपला माणूस कसा गेला, हे कळल्यावाचून मन स्थिर होत नाही. कामटे ह्यांच्या पत्नी विनिता कामटे ह्यांनी माहितीच्या अधिकाराचा उपयोग करून त्या रात्रीच्या पोलीस संदेशांच्या नोंदी मिळविल्या आणि रंगभवनजवळच्या गल्लीत काय घडले त्याचा माग काढून त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. अधिकाऱ्याच्या पत्नीस जे इतके सायास करून मिळवावे लागले, ते विडी वळणाऱ्या बाईस कोण मिळवून देणार? लोकल गाड्यांच्या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांस दोषी ठरविले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी ते सर्व निर्दोष ठरविले, आणि राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मालेगावच्या २००८ च्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयात सुटले. मृतांच्या कुटुंबांस दोन लक्ष रुपये देण्याचा आदेश मात्र त्याच निकालात झाला. म्हणजे इतक्या वर्षांनीही ‘कोणी केले?’ ह्या प्रश्नापुढे ही कुटुंबे उभी आहेत. स्मरणसभेने न्यायाधीशाचे आसन घेऊ नये आणि कोणा जातीस वा धर्मास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. परंतु ह्या घरांना विचारण्याचा हक्क अद्याप आहे, एवढे तरी तिने सर्वांसमक्ष मान्य करावे.

परदेशातील एक उदाहरण ह्या बाबतीत फार बोलके आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस समुद्रावर असता स्फोटाने कोसळले आणि ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक भारतीय वंशाचे कॅनडानिवासी होते. आयर्लंडमधील कॉर्क परगण्याच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता नावाचे एक लहानसे खेडे आहे. मृतांपैकी कोणीही त्या खेड्याचा नव्हता. परंतु शोक करीत आलेल्या नातलगांस त्या भागातील लोकांनी आपल्या घरचे मानले. पहिल्या वर्षदिनी तेथे समुद्राकाठी सूर्यघड्याळाच्या आकाराचे स्मारक उभे राहिले. तेव्हापासून दरवर्षी २३ जूनला सकाळी गावकरी तेथे जमतात, आणि दूरदेशीचे आप्तही येतात. ज्या कॅनडाचे हे नागरिक होते, त्या कॅनडाने तो दिवस दहशतवादाच्या बळींचा राष्ट्रीय स्मरणदिन म्हणून २००५ मध्ये ठरविला, आणि तेथील पंतप्रधानांनी कुटुंबांची क्षमा मागितली ती २०१० मध्ये. एका राष्ट्रास जे सुचावयास वीस वर्षे लागली ते एका खेड्यास पहिल्याच आठवड्यात सुचले होते. संयुक्त राष्ट्रसंघाने २१ ऑगस्ट हा दिवस जगासाठी ह्याच कारणाने नेमला, तोही २०१७ मध्ये.

सोलापुरास स्मरणाची परंपरा नवी शिकवावयास नको. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना परकी सरकारने १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. त्या चार नावांतच सोलापूरच्या साऱ्या पेठा आल्या, आणि शहर तो दिवस आजही विसरलेले नाही. ते हुतात्मे होते व त्यांचे मरण वेगळ्या जातीचे होते. परंतु चार समाजांची चार नावे एका श्वासात घेण्याची जी सवय त्या दिवसाने लावली, तीच येथे उपयोगी पडेल.

मग कुंभारीसारख्या गावी असा दिवस पाळावयाचा झाल्यास तो कसा असावा? प्रथम कुटुंबांना विचारावे. काहींस सभेत यावेसे वाटते. काहींस दार लावून बसावेसे वाटते. दुसऱ्यांच्या दाराशी वाजंत्री नेणे हा समाचार नव्हे. सभा सायंकाळी कामावरून माणसे परतल्यावर भरवावी व ती अर्ध्या तासाची असावी. पुढारी आल्यास त्यांनी श्रोत्यांत बसावे. मृतांची नावे घरच्यांनी किंवा शाळेतील मुलांनी वाचावीत. ती पूर्ण, शुद्ध उच्चारलेली आणि हुद्द्यावाचून असावीत. जखमी होऊन जगलेल्यांस विसरू नये. हात किंवा श्रवणशक्ती गमावलेला माणूस मृतांच्या यादीत नसतो, म्हणून तो कोणत्याच यादीत नसतो. एका कोऱ्या वहीत मृताविषयी ज्याला जे आठवेल ते लिहून घ्यावे. बापाचा चेहराही न आठवणाऱ्या मुलास ती वही पुढे फार मोलाची होईल.

आणि खरे काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. अशा हल्ल्यात बळी पडलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्र शासनाची मदत-योजना १ एप्रिल २००८ पासून आहे. तिची रक्कम आरंभी तीन लक्ष रुपये होती व २०१६ मध्ये ती पाच लक्ष झाली. पहलगामच्या मृतांपैकी सहा महाराष्ट्रीय कुटुंबांना राज्य शासनाने प्रत्येकी पन्नास लक्ष देण्याचे ठरविले. परंतु मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, बँकेचे खाते आणि अर्ज ह्यांची वाट ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी ही रक्कम आभाळातील चांदण्यासारखी राहते. निवृत्त कारकून, शिक्षक, वकील असे चार जाणते लोक प्रत्येक गावात असतात. त्यांनी त्या घरी जाऊन कागद पाहावेत, कचेरीत सोबत जावे, मुलांच्या शाळेची चौकशी करावी, आणि हे वर्षातून एकदा न करता दर सणास, दर परीक्षेच्या वेळी करावे. रात्री झोप न लागणाऱ्या, रेल्वेच्या आवाजाने दचकणाऱ्या माणसास वेड लागले असे न म्हणता वैद्याकडे न्यावे. कुंभारीत तर वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. ह्या बाबतीत हे गाव पुष्कळ गावांहून भाग्यवान म्हटले पाहिजे.

पहिल्या वर्षी अशा सभेस शंभर माणसे येतील, पाचव्या वर्षी वीस येतील. त्याने कोणी खचून जाऊ नये. पाचव्या वर्षी येणारे ते वीस जण त्या विधवेच्या ओळखीचे झालेले असतात. आणि तिचा मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेस बसला की नाही, हे विचारण्याचे धैर्य व अधिकार त्यांच्याच ठिकाणी असतो.