शब्द बदलले, माणूस बदलला का?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही पंडित नाही. गिरणीत पाळी भरली, भोंगा झाला की या विहाराच्या कपाटातले पुस्तक काढून वाचले, त्यातून जे उमगले तेच बोलणार. विषयही शब्दांचाच घेतला आहे. कारण मागच्या बैठकीत याच ठिकाणी शब्दांवरून वादावादी झाली. एक तरुण म्हणाला, "स्मरणिकेत दलित हा शब्द नको, आपण बौद्ध आहोत." दुसरा म्हणाला, "नाव बदलून पोट भरतं काय?" तिसरा म्हणाला, "आता तोंड उघडायचीच चोरी झाली, कुठल्या शब्दाने कोण दुखावेल नेम नाही." रात्री अकरा वाजले, चहा गार झाला, वाद काही मिटला नाही.

हा वाद आपल्याच वस्तीतला नाही. अमेरिकेत काळ्या लोकांना आधी निग्रो म्हणत. मग त्यांनीच अभिमानाने 'ब्लॅक' म्हणवून घेतले. १९८८ साली जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन-अमेरिकन' म्हणा असा आग्रह धरला. तिथे त्याच सुमारास 'पोलिटिकल करेक्टनेस' या नावाने मोठा वाद पेटला. काही म्हणाले, ही माणुसकी आहे. काही म्हणाले, ही जिभेवरची सक्ती आहे. आपण मात्र हा वाद त्याच्याही कितीतरी आधीपासून करत आलो आहोत.

जानेवारी १९३८ मधली गोष्ट घ्या. मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्याची दुरुस्ती आली आणि तीत आपल्या लोकांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला होता. शब्द ऐकायला गोड. हरीचे जन! यात वाईट काय, असे कुणालाही वाटेल. पण दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. सरकार पक्षाने ऐकले नाही, तेव्हा बाबासाहेब आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह सभागृह सोडून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! ज्यांना हे नाव द्यायचे त्यांना हे नाव नको होते, आणि तरीही ते त्यांच्या माथी मारले जात होते. पुढे १९८२ साली केंद्र सरकारनेच राज्यांना कळवले की सरकारी कागदात हरिजन शब्द वापरू नका. बाबासाहेब जे ओरडून सांगत होते ते सरकारच्या कानी जायला ४४ वर्षे लागली.

तेव्हा "नावात काय आहे" असे आम्हाला कुणी सांगू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला. त्यानंतर घरे जळाली. पोचिराम कांबळेंसारख्या माणसांनी जीव दिला. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागले, पण तेही 'नामांतर' म्हणून नाही, 'नामविस्तार' म्हणून. बघा, राज्यकर्तेही शब्द किती मोजूनमापून वापरतात! त्या दिवशी आम्ही तरुण होतो, चाळीत नाचलो. आनंद खराच होता. पण एक म्हातारे गृहस्थ कठड्याला टेकून म्हणाले, "पोरांनो, नाव लागलं. आता त्या नावाच्या शाळेत आपली पोरं जातायत का, ते बघा." ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

आता दुसरी बाजू. शब्द न उच्चारताही अन्याय करता येतो. आमचे आजोबा गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथे प्रवेश नाही. का? तर कांडी बदलताना धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि आपला तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. 'अस्पृश्यांना मज्जाव' अशी पाटी कुठे नव्हती. रिवाज म्हणायचे, बस्स. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न वेशीवर टांगला.

तीच तऱ्हा आज. जातीवाचक शिवी दिली तर १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याची भीती आहे. म्हणून आता शिवी कोट-टाय घालून येते. "तुम्ही कॅटेगरीतले का?" "कोट्यातून लागलात ना?" "आडनाव काय म्हणालात?" शब्द सगळे सभ्य, पण काळजात घुसायचे ते घुसतेच. आमच्या पुतणीला नोकरीच्या पहिल्याच दिवशी हे ऐकावे लागले. घरी येऊन ती म्हणाली, "काका, तक्रार कशाची करू? वाईट शब्द तर एकही नव्हता."

आणि वर्तमानपत्रे! वस्तीवर हल्ला होतो, मथळा येतो, "दोन गटांत वाद". मार खाणारा आणि मारणारा एका ओळीत बसवले की कुणालाच जबाबदार धरावे लागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सल्ला दिला की 'दलित' न म्हणता 'अनुसूचित जाती' म्हणा. नागपूर खंडपीठाच्या निर्देशाचा आधार त्याला होता. आमचे मत असे : कायद्याच्या कागदावर अनुसूचित जाती बरोबर, कारण हक्क त्या नावाने मिळतो. घरात, विहारात, जनगणनेत आपण बौद्ध, कारण १९५६ ला ते नाव आपण स्वतः स्वीकारले. आणि दलित हा शब्द १९७२ साली पँथरच्या पोरांनी छाती काढून वापरला, कारण तो 'आम्हाला दळले आहे' असे सांगतो. दळणाराकडे बोट दाखवणारा शब्द दुसऱ्या कुणी पुसू नये. ज्याला तो नको असेल त्याने सोडावा, तो त्याचा हक्क. पण सोडायचा की ठेवायचा हे आपण ठरवू.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातीवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. आमच्या गावीही चर्चा झाली. आमच्या वडिलांच्या पिढीने महारवाड्याचा बौद्धवाडा केला होता, तोही अभिमानाने. आता तेही नाव जाणार म्हणून म्हातारी माणसे हळहळली. तरुण म्हणाले, पत्त्यावरून जात का कळावी? दोघांचेही खरे. आम्ही ग्रामसभेत एवढेच विचारले, "समतानगर पाटी लावा. पण स्मशानभूमी वेगळी ती वेगळीच राहणार का? पाण्याची टाकी शेवटच्या घरापर्यंत कधी पोचणार?" सभा गप्प झाली. पाटीवर समता आणि मसणात विषमता, असली समता आम्ही काय करावी? अपंगांना २०१५ नंतर 'दिव्यांग' म्हणू लागले. त्यांच्यातलेच अनेक जण म्हणाले, दिव्यत्व नको, जिन्याशेजारी उतार द्या.

आता थोडे आपल्याही ताटात बघू. गिरणीच्या गेटवरच्या एका सभेत आम्ही माईक हातात घेऊन गरजलो होतो, "साहेब लोकांना बांगड्यांचा आहेर द्या!" टाळ्या पडल्या. घरी गेलो तर आई म्हणाली, "का रं, बांगड्या म्हंजी दुबळेपणा व्हय? ब्याऐंशीच्या संपात ह्याच हातांनी बारा माणसांची खानावळ चालवली. तवा तू जेवत होतास न्हवं?" आम्ही खाली मान घातली. त्या दिवसापासून तो शब्द आमच्या भाषणात आला नाही. कुणी कायदा केला नव्हता, सक्ती केली नव्हती. ज्याला लागते त्याने सांगितले आणि आम्ही ऐकले. आपल्यातही दुसऱ्या जातीचे नाव शिवीसारखे घेणारे आहेत. सफाई कामगाराला त्याच्या जातीने हाक मारणारे आहेत. ते थांबल्याशिवाय दुसऱ्याकडे बोट दाखवायचा आपल्याला अधिकार नाही.

भगवान बुद्धांना श्रावस्तीत एका ब्राह्मणाने 'वसल', म्हणजे हीन, म्हणून हटकले. भगवंत चिडले नाहीत आणि "हा शब्द वापरू नकोस" असेही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, वसल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे का? आणि सांगितले की जन्माने कुणी वसल होत नाही, कर्माने होतो. शब्दाचा अर्थच उलटा करून त्याच्या हाती दिला! सम्यक वाचेत खोटे, चहाडी, कठोर बोल आणि वायफळ बडबड, चारही वर्ज्य आहेत. म्हणजे नुसते गोड बोलणे ही सम्यक वाचा नव्हे. गोड पण खोटे असेल तर तेही वर्ज्यच. आणि अप्रिय पण खरे व हिताचे असेल, तर योग्य वेळ पाहून ते बोलायचे, ही तथागतांची रीत.

तेव्हा नवा शब्द पुढे आला की तीन प्रश्न विचारा. तो कुणी निवडला? तो अन्याय दाखवतो की झाकतो? आणि त्याच्या मागोमाग पाणी, शाळा, स्मशान, नोकरी यांत काही बदलते का? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर शब्द खुशाल घ्या.

आणि पोरींनो, उद्या कुणी सभ्य शब्दांत आडनाव विचारले तर मान खाली घालू नका. पूर्ण नाव सांगा, मोठ्याने सांगा आणि शेवटी जयभीम म्हणा.

जयभीम! नमो बुद्धाय!