परदेशातील घर आणि मातृभाषा



स्वीडनमध्ये संसार मांडताना आम्हांस थंडीचे भय होते. ते लोकरी कपड्यांनी निवारले. बालवाडीत जाऊ लागताच मुले मात्र आपापसांत स्वीडिश बोलू लागली, आणि दूरध्वनीवर आजीशी बोलताना अडखळू लागली. तेथील कायदा या बाबतीत उदार आहे. नगरपालिकेच्या हद्दीत पाच विद्यार्थी व योग्य शिक्षक मिळाल्यास शाळेत मातृभाषा शिकविण्याची सोय करावी लागते; मात्र ती भाषा घरात नित्य बोलली जात असली पाहिजे. (शाळा सोपी, घरच अवघड!) म्हणून जेवताना तरी आम्ही मराठीच बोलतो. आमच्या गावी चार मुले जमली आहेत. पाचवे मूल कोणत्याही ज्ञातीचे असो, आपल्या ओळखीचे कुटुंब तिकडे येत असल्यास आम्हांस अवश्य कळवावे.