अठराव्या वर्षी आकाशात
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गेल्या वर्षी दहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला. गणितात हुशार, धावण्यात पहिला. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, 1977 पासून शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तिचा अर्ज त्याला भरायचा होता. सहीसाठी मी त्याच्या अब्बांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "सर, तिथं आपल्याला कोण घेतंय?" मला चटकन उत्तर सुचले नाही. अर्जाची मुदत निघून गेली. ते राहिलेले उत्तर आज देतो.

इद्रीस हसन लतीफ हे नाव वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 1982 ते 1985 या काळात ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मला मात्र राज्यपालांविषयी बोलायचे नाही, अठरा वर्षांच्या इद्रीसविषयी बोलायचे आहे.

त्यांचा जन्म 1923 चा, हैदराबादचा. 1948 पर्यंत आपला जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता. आपल्या आजोबांची राजधानी हैदराबाद, म्हणून हा मुलगा आपल्याला परका नाही. तो निजाम कॉलेजात शिकत होता आणि दुसरे महायुद्ध पेटलेले होते. 1942 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो हवाई दलात अधिकारी झाला. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला एकट्याने पैठणला पाठवतानाही आई दहा सूचना करते.

पहिली नेमणूक कराचीला, किनारा रक्षणाच्या तुकडीत. अरबी समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या. त्यासाठी मिळालेली वापिटी विमाने त्या काळीही म्हातारी झालेली होती. एकावर एक दोन पंखांची जोडी, पंखांवर कापड ताणलेले, वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नाही. पुढे 1943-44 मध्ये इंग्लंडला पाठवलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत त्यांची निवड झाली. तिथे ते हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने शिकले आणि परत येऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आराकानात, हरिकेन उडवू लागले.

मुलांनो, आराकान म्हणजे डोंगर, दाट जंगल, खाड्या आणि महिनोन् महिने पाऊस. हरिकेनमध्ये जागा एकाच माणसाची. आपल्या हरिकेन तुकड्यांकडे मुख्य काम होते टेहळणीचे. झाडीत लपलेला जपानी सैनिक उंचावरून दिसत नाही, म्हणून अगदी खालून उडावे लागे. विमाने जोडीने जात. एकाची नजर जमिनीवर, दुसऱ्याची आभाळाकडे, शत्रूचे विमान आले तर सावध करायला. पहिल्याने वर पाहायचेच नाही, दुसऱ्यावर सोडून द्यायचे. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. मागच्या विमानात कोण आहे, त्याचे गाव कोणते, तो कोणत्या दिशेला तोंड करून प्रार्थना करतो, हे विचारायला तिथे सवड नव्हती.

मग फाळणी आली. हवाई दलाचेही दोन तुकडे झाले. असगर खान आणि नूर खान हे त्यांचे सहकारी पाकिस्तानात निघाले होते. दोघेही पुढे तिथल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफ यांनीही यावे म्हणून दोघांनी आग्रह केला. लतीफ यांनी धर्म आणि देश या दोन गोष्टींची गल्लत केली नाही. ते इथेच राहिले. चोवीस वर्षांचा तरुण, जिवाचे मित्र पलीकडे चाललेले. तो निर्णय सोपा होता असे मी म्हणणार नाही.

आणि इथे त्यांचे काय झाले? 1950 मध्ये देश प्रजासत्ताक झाला तेव्हा दिल्लीवरून टेंपेस्ट विमानांचे संचलन गेले, त्याच्या अग्रभागी लतीफ होते. 1971 च्या युद्धात ते वायुसेनेच्या मुख्यालयात नियोजनाच्या जबाबदारीवर होते. 1978 ते 1981 ते वायुसेनेचे प्रमुख होते. जॅग्वार विमानांची खरेदी बरीच वर्षे रखडली होती, ती त्यांच्याच कारकिर्दीत मार्गी लागली. 2018 साली हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

पालकांनो, थोडे व्यवहाराचे बोलतो. त्या संस्थेसाठी अर्ज दहावीच्याच वर्षी करावा लागतो. लेखी परीक्षा असते, मुलाखत असते. पुढे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून वायुसेनेत जायचे तर बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवे. गणित सोडून देणाऱ्यांनी हे आताच ऐकून ठेवावे. आणि 2022 पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश आहे, तेव्हा मागच्या रांगेतल्या भगिनींनी हे फक्त मुलांसाठी आहे असे समजू नये.

त्या मुलाचा धाकटा भाऊ यंदा दहावीत आहे. त्याचे अब्बा समोर बसले आहेत, नाव घेत नाही. जाहिरात निघाली की मी अर्ज घेऊन पुन्हा येतोय, चहा तयार ठेवा.