मोटारींतील गारवा

मुंबई-नाशिक रस्त्यानें खर्डी मागें टाकून मोटार कसाऱ्याचा घाट चढूं लागली, कीं वैशाखांत तिच्या एसीची खरी परीक्षा होते. गारवा कमी पडला म्हणजे आपण सहज म्हणतों, "गॅस संपला." परंतु पेट्रोल जळून संपतें, तसा हा गॅस संपत नाहीं. बंद नळ्यांतून तोच पुनःपुन्हां फिरतो. काँप्रेसर त्यास दाबतो. पुढील कंडेन्सरमध्यें उष्णता टाकून त्याचा द्रव होतो. आणि आंतल्या कॉइलमध्यें त्या द्रवाची वाफ होतांना तो मोटारींतील उष्णता शोषून घेतो. गॅस कमी झाला, याचा अर्थ तो कोठें तरी गळला. गळती न बुजवितां दर उन्हाळ्यांत गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरीनें पाणी वाहणें होय.

मात्र प्रत्येक वेळीं दोष गॅसचाच असतो असें नाहीं. इंजिन थंड असतां कंडेन्सरवरील धूळ व पाचोळा पाण्याच्या हलक्या धारेनें धुवावा, केबिनचा फिल्टर झटकावा वा बदलावा, फ्यूज पाहावा. एवढें घरीं खुशाल करावें. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसल्यास इंजिन बंद ठेवून तेथें साबणाचा फेंस लावावा. बुडबुडे आले तर गळती सांपडली. बारीक गळती शोधण्यास नायट्रोजनचा दाब द्यावा लागतो. मोटारीखालीं स्वच्छ पाणी ठिबकतें, तो मात्र हवेंतला ओलावा. त्याची चिंता नको.

गॅस भरण्याचें काम घरीं करूं नये. आर-१३४-ए हा गॅस उणे २६ अंशांस उकळतो. त्याचा द्रव डोळ्यांत उडाल्यास दृष्टीस अपाय होतो. भरण्यापूर्वीं पंपानें नळ्यांतील हवा व ओलावा काढावा लागतो. बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेले ग्रॅम तोलूनच भरावे लागतात. अधिक भरल्यास गारवा घटतो व काँप्रेसरवर ताण पडतो. स्वयंपाकाचा गॅस तर कदापि भरूं नये. तो पेट घेतो.

शिवाय हा गॅस हवेंत सोडणें पाप आहे. शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडहून सुमारें १,३०० पट उष्णता कोंडतो. असल्या वायूंचा वापर घटविण्याचा २०१६ चा किगाली करार भारतानें २०२१ मध्यें मान्य केला.

म्हणून मेकॅनिकास तीनच प्रश्न विचारावेत: गळती कोठें होती? पंप किती वेळ चालविला? गॅस किती ग्रॅम भरला? ज्यास उत्तरें देतां येतील, त्याच्याच हातीं मोटार द्यावी.