तलावाच्या मध्यावरचे पाणी

तलावाच्या पाण्याची परीक्षा बहुधा काठावर भरलेल्या बाटलीवरून होते आणि काठाचे पाणी तलावाचे प्रतिनिधित्व करीत नाही, ही या विषयातली खरी गोम आहे. काठाशी जनावरे उतरतात, कपडे धुतले जातात, ओढ्याने आणलेला गाळ साचतो. त्यामुळे तेथील नमुना तलावापेक्षा काठाचीच हकिकत अधिक सांगतो.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही, कारण तेरणा, सीना, बोरी या नद्यांचा ओघ उन्हाळ्यात आटतो आणि माकणीचा निम्न तेरणा किंवा परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव यांसारखे प्रकल्प, साठवण तलाव, अडवलेले पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पोचवणारे पाझर तलाव आणि शेततळी यांवर भिस्त राहते. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्याचा उतार तर इतका निसरडा असतो, की आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते. अशा ठिकाणी नमुन्यासाठी माणूस उतरवण्यापेक्षा काठावरून चालवता येणारी छोटी बोट पाठवणे शहाणपणाचे ठरते. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी बोट दाखवली, तेव्हा तिच्या उपयोगाची चर्चा युद्धाच्या अंगाने झाली होती. शेततळ्यातील शेवाळ त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

घरगुती बोटीसाठी बाजारातील पीव्हीसी पाइप पुरतात. ११० मिलिमीटर बाह्य व्यासाचा, एक मीटर लांबीचा आणि दोन्ही तोंडे टोपणांनी पक्की बंद केलेला पाइप पूर्ण बुडाल्यास सुमारे साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो, आणि बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका आधार वस्तूला मिळतो, हे आर्किमिडीजचे तत्त्व आहे. म्हणून असे दोन पाइप निम्मेच बुडावेत, तर बॅटरी, पंप आणि भरलेल्या बाटल्यांसह सगळा भार साडेनऊ किलोच्या आत ठेवावा लागतो. दोन बाजूंना दोन मोटारी बसवून त्यांचा वेग कमी-जास्त केला, की सुकाणूवाचून वळता येते. जलपर्णी असलेल्या तलावात पाण्याखालचा पंखा हमखास गुंततो, म्हणून तेथे हवेत फिरणारा पंखा बरा. रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात लवकर शोषल्या जात असल्याने ग्राहकयंत्राची अँटेना उंच काठीवर बांधावी, आणि संपर्क तुटताच मोटारी थांबाव्यात अशी योजना करून मागे मासेमारीचा दोर सोडावा, म्हणजे बंद पडलेली बोट ओढून आणता येते.

खरी कसोटी मात्र नमुना घेण्यात असते. सहा मिलिमीटर आतील व्यासाच्या दोन मीटर नळीत सुमारे ५७ मिलिलिटर पाणी मावते. हे मागच्या ठिकाणचे शिळे पाणी असल्याने त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण १७० मिलिलिटर, वाहून जाऊ दिल्यावरच बाटली भरावी. पंपातून येताना पाण्यात हवा मिसळू शकते, त्यामुळे विरघळलेला ऑक्सिजन, ज्यावर मासे श्वास घेतात, तो बाटलीत न मोजता बोटीला लावलेल्या संवेदकाने तलावातच मोजावा, आणि वेळही नोंदवावी. कारण शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते व रात्री तो वापरते, म्हणून पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्याहून बराच खाली असू शकतो. जंतूंच्या तपासणीला ही बोट योग्य नव्हे, कारण प्रत्येक नमुन्याआधी नळी निर्जंतुक करणे तिच्यावर शक्य होत नाही.

दर महिन्याला त्याच जागी जाता आले तरच आकड्यांची तुलना होते. उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र नसेल, तर सांडव्याचे टोक व पलीकडची बाभूळ ही एक रेषा आणि काठावरच्या आणखी दोन ठळक खुणांची दुसरी रेषा जेथे छेदतात, ती जागा धरता येते. चैत्रात पातळी खाली गेली, की पावसाळ्यानंतर खोल पाण्यात लोंबणारी तीच नळी तळाचा गाळ ओढू लागते. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी खोली मोजून नळी आखडती घ्यावी आणि त्या दिवसाची पातळी नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहावी.